सतरा नंबरची फाइल

दिवा लागला नाही.

थोराने फोन ठेवला, पुन्हा उचलला, तेच आकडे फिरवले आणि कॉम्प्युटर फोनला जोडणाऱ्या मोडेमवरच्या लाल काचेकडे डोळे लावले. पलीकडच्या यंत्राने फोन घेतला की तो दिवा लागे. लागला नाही, तर दुसरं कुणी बोर्डावर बसलेलं असे, किंवा ऑर्विल टोलेफसनने बोर्ड बंद ठेवलेला असे, किंवा वादळाने तारा तुटलेल्या असत. यांतलं काय खरं, हे दुसऱ्या कुणाला रिसीव्हर कानाला लावून कळलं असतं. थोराला कळायला मार्ग नव्हता.

स्वयंपाकघरात तिचे वडील, नेल्स ब्रेक्के, जमिनीवर पडले होते. जेवण झाल्यावर कॉफीचा कप उचलायला गेले आणि कपासकट कलंडले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात लाकडासारखा पडला होता. डोळे मात्र उघडे होते आणि तिला शोधत होते. तिने डोक्याखाली उशी दिली, अंगावर रजई घातली आणि फोनकडे धावली.

आधी तिने शून्य फिरवून ऑपरेटरला लावून पाहिलं होतं. दोन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले. बहिऱ्यांच्या शाळेत तिला बोलायला शिकवलं होतं, पण ते बोलणं समजायचं ते एकट्या पापाला. दुकानात तिने तोंड उघडलं की माणसं दचकून बघत, म्हणून चारचौघांत तोंड उघडणंच तिने सोडून दिलं होतं. आज ती रिसीव्हरमध्ये आपलं नाव, रस्ता आणि ‘पापा पडले’ एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. रिसीव्हरच्या जाळीवर बोट ठेवलं. बोटाला काहीतरी थरथरलं आणि थांबलं. पलीकडच्या बाईला काही समजलं की तिने थट्टा समजून फोन ठेवला, कोण जाणे. कुणी आलं मात्र नाही. शेरीफच्या कचेरीत बहिऱ्यांसाठीचं टाइप करायचं यंत्र नव्हतं. शेजारचं घर मैलभर लांब, आणि खिडकीतून स्वतःच्या अंगणातला खांबसुद्धा दिसत नव्हता. अशा वाऱ्यात उत्तर डकोटातली माणसं गोठ्यात जातानाही कमरेला दोर बांधतात.

आजवर तिचे सगळे फोन पापानेच केले होते. दाताच्या डॉक्टरला, छापखान्याला, गॅसवाल्याला. तिने बोटांनी सांगायचं, त्याने तोंडाने.

फक्त एका ठिकाणी तिला पापा लागत नव्हता.

ऑर्विल टोलेफसन गावातल्या धान्याच्या कोठारावर ट्रक तोलायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याने आपल्या घरात एका कॉम्प्युटरला घरचाच फोन जोडून बुलेटिन बोर्ड सुरू केला. शनिवार-रविवार दुपारनंतर कुणीही आपल्या कॉम्प्युटरवरून तिथे फोन लावावा, निरोप वाचावेत, ठेवावेत, फायली उतरवून घ्याव्यात. फोन एकच, त्यामुळे माणूसही एका वेळी एकच. थोरा तालुक्याच्या साप्ताहिकात मजकूर जुळवायची. टाइपिंगमध्ये तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. बोर्डावर तिने नाव घेतलं होतं मॅगपाय, बडबड्या पाखराचं. आणि तिथे ती बडबडी होतीच. ‘डिझेल’ नाव घेतलेल्या कुणा मेकॅनिकशी तिचं शरदापासून भांडण चाललं होतं, ते कॉफीवरून. चर्चमध्ये अंडं फोडून घालून कॉफी करत, तीत अंड्याचं टरफलही टाकावं, असं तिचं म्हणणं.

‘टरफल घालून तू कॉफी करतेस की भिंतीचा चुना?’ डिझेलने लिहिलं होतं.

‘तुझ्या कॉफीत इंजिनचं तेल असतं, त्याला टरफलाची चव कशी कळणार?’ तिने उत्तर ठेवलं होतं.

‘बाई, तुझ्या नवऱ्याची मला दया येते.’

‘नवरा नाही. तुझ्यासारखेच सगळे भेटले.’

मॅगपायला ऐकू येत नाही, हे बोर्डावर कुणालाही ठाऊक नव्हतं.

तिने पुन्हा आकडे फिरवले. दिवा नाही. स्वयंपाकघरात जाऊन आली. पापाच्या ओठांच्या कडेने लाळ गळत होती, ती पुसली. त्याने डावा हात हलवला, पण बोटांतून शब्द तयार होईना. ती परत आली. पुन्हा आकडे. पुन्हा काही नाही. कुणीतरी पोरांचा खेळ उतरवून घेत बसलं असेल, तर तो तासभर उठायचा नाही.

त्यानंतरच्या खेपेला दिवा लागला.

पडद्यावर अक्षरं एकेक करून उमटू लागली. नेहमीचं स्वागत, ऑर्विलने चिन्हं जोडून काढलेलं कोठाराचं चित्र. ते ओळीओळीने उतरायला इतका वेळ लागला की तिने टेबलाची कड आवळून धरली. मग नाव, परवलीचा शब्द, आणि अखेरीस आज्ञांची यादी. निरोपांना एम, फायलींना एफ, निघायला जी. चालकाला हाक मारायची असेल तर पी.

तिने पी दाबला. पलीकडे ऑर्विलच्या यंत्राने घंटा वाजवायची, असा तो नियम.

‘चालकाने घंटा बंद ठेवली आहे. कृपया निरोप ठेवा.’

तिने परत पी दाबला. तेच वाक्य, तितक्याच सावकाश.

निरोप ठेवला असता, तर ऑर्विलने तो रात्री झोपताना वाचला असता. तिचे हात कळांवर तसेच राहिले. ऑर्विल घरातच असणार, या वादळात कोण बाहेर पडतंय. यंत्रापासून दहा-बारा पावलांवर बसून बायको आर्डिसबरोबर पत्ते खेळत असेल. पण त्याने पडद्याकडे बघायला हवं, आणि बघावं असं त्याला काहीतरी वाटायला हवं.

तेव्हा तिला सूचनाफलक आठवला. महिन्यापूर्वी ऑर्विलने लावला होता. ‘सतरा नंबरच्या फाइलला हात लावू नये. तिची फ्लॉपी खराब झाली आहे. ती वाचायला गेलं की यंत्र आतल्या आत डोकं आपटून घेतं, सुतारपक्षी बसल्यागत आवाज होतो, आणि आर्डिस मला घराबाहेर काढायची भाषा करते. शिवाय कधी कधी सगळा बोर्डच अडकून पडतो.’

बोर्ड अडकला तर ऑर्विल स्वतः येऊन यंत्र बंद-चालू करीपर्यंत त्यावर कुणालाच येता येणार नव्हतं. तिलाही नाही. असलेली एकुलती वाट तिच्याच हाताने बुजणार होती. आणि यंत्र खरंच आपटतंय की नाही, हे तिला इथे बसून कसं कळणार? टकटक, खटखट हे शब्द तिने हजार वेळा जुळवले होते. ते कसे असतात, हे तिला माहीत नव्हतं.

तिने एफ दाबला. सतरा लिहिलं.

पडदा थांबला. मोडेमचा दिवा लागलेलाच होता. मग एक ओळ आली: ‘वाचता आली नाही. पुन्हा प्रयत्न करायचा?’

तिने होकार दिला. पडदा थांबला, ओळ आली, तिने होकार दिला. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर ओळ आलीच नाही. तिने कळ दाबली, काही उमटलं नाही. आणखी एक दाबली. पडदा मेल्यासारखा स्थिर. अडकला, असं तिच्या मनाने म्हटलं. स्वयंपाकघराच्या दारातून रजईचं टोक दिसत होतं. ते हलतंय का, हेच ती बघत राहिली.

वळून पाहिलं तर बोर्ड अडकला नव्हता, पडद्यावर अक्षरं येत होती. यंत्राची नव्हेत. ती अडखळत होती, खोडली जात होती, माणसाची होती.

‘अगं मॅगपाय, काय मांडलंयस हे? पाटी वाचता येत नाही? आर्डिसने पत्ते फेकून दिले.’

तिची बोटं सुटली. ‘वडील पडले. अर्धं अंग गेलं. तोंड वाकडं. अँब्युलन्स पाठव.’

‘अरे देवा. मग माझ्याशी टाइप काय करत बसलीस? फोन ठेव आणि शेरीफला लाव. पळ.’

‘मला लावता येत नाही.’

‘का? फोन तर चालू आहे. त्याच्यावरूनच आलीस ना?’

ती एक क्षण थांबली. फक्त एकच.

‘मला ऐकू येत नाही. लहानपणापासून. बोललेलं लोकांना समजत नाही.’



‘तू?’ ऑर्विलने लिहिलं.

‘मी. थोरा ब्रेक्के. नेल्स ब्रेक्केची मुलगी. जुन्या चर्चच्या पुढे, उत्तरेला दुसरं घर.’

‘नेल्सचा गहू मीच तोलतो. ट्रकमध्ये एक जण खाली मान घालून बसलेली असायची...’

‘तीच. ऑर्विल, लवकर कर.’

‘करतो. ऐक. माझ्याकडे फोन हा एकच. तू गेल्याशिवाय मला कुणाला लावता येणार नाही. आणि एकदा गेलीस की काय झालं ते तुला सांगता येणार नाही. पुन्हा लावू नकोस, मी बोलत असेन. बर्फ हटवायची गाडी पुढे घालून आणायला सांगतो. दिवे सगळे लाव. दाराची कडी काढ. नेल्सला पाणी पाजू नकोस, आर्डिस म्हणते घशात जाईल.’

‘बरं.’

‘जा आता.’

तिने जी दाबला. बोर्ड आपल्या नेहमीच्या रीतीने म्हणाला, ‘खरंच निघायचं?’ तिने होकार दिला. ‘चालकाला काही निरोप ठेवायचा?’ तिने नकार दिला. ‘मॅगपाय, पुन्हा या,’ असं लिहून झाल्यावर दिवा विझला.

आता तिच्या हातात काही उरलं नव्हतं. तिने घरभर दिवे लावले, कडी काढली आणि पापाजवळ जमिनीवर बसली. त्याचा डावा हात हातात घेतला, दुसरा तळवा त्याच्या छातीवर ठेवला. छाती वर येत होती, खाली जात होती. मधेच बराच वेळ येत नसे, मग येई. ऑर्विलला शेरीफचा फोन लागला असेल का? ऑपरेटर म्हणाली असेल का, की आज रस्त्यावर कुणाला सोडत नाही? एकदा ती उठून फोनपर्यंत गेली, रिसीव्हरवर हात ठेवला, आणि तो न उचलता परत आली. तिने लावला असता तर तो ऑर्विलच्याच मधे आला असता. दिवे एकदा मंद झाले, पुन्हा आले. पापाचे डोळे मिटले होते. तिने त्याच्या तळहातावर बोटाने लिहिलं, ‘येताहेत.’ हे खरं आहे की नाही, ते तिला माहीत नव्हतं.

बाहेर अंधारून आलं तेव्हा तिच्या मांडीखालची फळी थरथरली. तो वारा नव्हता. वारा भिंतींतून येई. हे जमिनीतून येत होतं, जड, एकसारखं, आणि वाढत होतं. तिने पापाच्या छातीवरचा हात काढला नाही, नुसती दाराकडे तोंड करून बसली.

आधी बर्फाच्या गाडीचे पिवळे दिवे आले, मग अँब्युलन्सची माणसं. त्यांच्या मागे एक उंच, मोठ्या कानांचा माणूस रस्ता दाखवायला आला होता. त्याने टोपी काढली, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

नेल्स ब्रेक्के जगला. उजवी बाजू परत आली नाही. गावातल्या शुश्रूषागृहात तो खिडकीजवळ बसतो आणि डाव्या हाताने खुणा करायला शिकतो. थोरा रोज छापखान्यातून सुटली की त्याच्याकडे जाते, तो चुकला की त्याची बोटं सरळ करते.

बोर्डावर ती जवळजवळ महिन्याने गेली. फोन पहिल्याच खेपेला लागला. तिच्या नावाने इतके निरोप कधीच साठले नव्हते. कुणी प्रार्थना करत होतं, कुणी जेवण पोचवायला कधी येऊ म्हणून विचारत होतं. वाक्यं आखूड होती, शब्द सोपे होते. दोघांनी तर सगळा निरोप मोठ्या अक्षरांत टाइप केला होता, जणू तिला आता दिसतही कमी होतं. डिझेलचा निरोप शेवटी होता.

‘टरफलाबद्दल तुझंच बरोबर असेल. तब्येतीला जप.’

थोराने तो दोनदा वाचला. शरदापासून जो माणूस एक इंच हटला नव्हता, त्याने सगळं शेत सोडून दिलं होतं.

तिने उत्तराची कळ दाबली. ‘माझी तब्येत ठणठणीत आहे,’ तिने लिहिलं. ‘टरफल चुन्यासारखं लागतं म्हणाला होतास. लागत असेल तर तसं सिद्ध कर, नाहीतर मान्य कर की तुलाच कॉफी करता येत नाही.’

वाचलं. एकही अक्षर न बदलता एस दाबला आणि निरोप ठेवला.

मग ती बसून राहिली. बोर्ड प्रत्येकाला देई त्या वेळातला तिचा अजून शिल्लक होता, पण ती बोर्डावर असेपर्यंत दुसऱ्या कुणाला तिथे येताच येणार नव्हतं. उत्तर हवं तर जागा रिकामी करायला हवी होती.

तिने जी दाबला.