एकसारख्या बरण्या

जिथे जिथे मुलाखत दिली, तिथे तिथे मला नाकारण्यावर सगळ्यांचं एकमत झालं, तेव्हा बाबांनी पेपरातली एक जाहिरात माझ्यापुढे सरकवली. तरुणांसाठी उद्योजकता प्रशिक्षण, शुल्क नाही. 'शुल्क नाही'खाली त्यांनी पेनाने दोनदा रेघ ओढली होती. माझ्यावरचा त्यांचा विश्वास तेवढाच होता, आणि तो रास्त होता.

वर्ग टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरायचा. सर आधी बँकेत होते. "लोकांची अडचण शोधा," ते म्हणायचे, "अडचण सापडली की धंदा सापडला." बाकीच्यांना भराभर अडचणी सापडल्या. कुणी मोबाइल दुरुस्ती घेतली, कुणी डबे पोचवायला घेतले. मी वही उघडून बसले, तर मला एकही अडचण दिसेना, कारण आमच्या घरची सगळ्यात मोठी अडचण मीच होते.

शेवटी सांगितलं, "मी लोकांची घरं आवरून देईन."

हे ऐकून आई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. "अगं, तुझ्या खोलीत पोलीस आले तर चोरी झाली म्हणून पंचनामा करतील!"

पण सरांना कल्पना आवडली, आणि मला माझी पाठ थोपटणारं कुणी भेटलं की मी वाहवत जाते. मी कार्डं छापली. त्यावर स्वतःला 'संचालिका' म्हटलं. संचालन करायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मीही माझं फारसं ऐकत नव्हते.

पहिलं काम मावशीने मिळवून दिलं. तिच्या शेजारी एक निवृत्त नर्स एकट्या राहायच्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. दार उघडलं आणि मला आनंदाने भरून आलं. काय पसारा होता! कात्री खिडकीच्या कट्ट्यावर, औषधं पावाच्या डब्यात, किल्ल्या चपलेत. स्वयंपाकघरात एक बरणी उंच, एक चपटी, एकीला झाकणाऐवजी वाटी.

"तुम्ही फक्त बसा," मी सिस्टरांना म्हणाले. 'ग्राहकाला त्रास होता कामा नये' हे सरांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. 'ग्राहकाशी बोला' हेही ते म्हणाले असणार, पण तेव्हा मी कार्डाचा रंग निवडत होते.

सिस्टर बसल्या. मी दिवसभर खपले. सगळ्या बरण्या बदलून एकाच मापाच्या, एकाच झाकणाच्या आणल्या, जुन्या मावशीकडच्या भंगारात टाकल्या. प्रत्येकीवर नाजूक अक्षरात चिठ्ठी लावली. कात्री खणात, औषधं कपाटात, किल्ल्या खुंटीवर. फोटो काढून सरांना पाठवले.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

"छान वाटतंय," सिस्टर म्हणाल्या. नजर माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी होती. मला वाटलं, भारावून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाबासकी घ्यायला गेले. हो, तेवढ्यासाठीच. सिस्टरांनी चहा केला. पहिला घोट घेतला आणि माझे डोळे पांढरे झाले. चहात साखरेऐवजी मीठ होतं, तेही सढळ हाताने.

"सिस्टर, चिठ्ठीवर लिहिलंय की, मीठ म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. "लिहिलं असशील. मला वाचता येत नाही गं आता. उजेड-अंधार कळतो, माणूस कळतं, अक्षर नाही." मग हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगितलेलं नाही. मुलगा लगेच घर विकून घेऊन जाईल मला. तुझ्या मावशीने आग्रह केला, नाही म्हटलं असतं तर शंका आली असती."

चपटी बरणी साखरेची होती, उंच मिठाची, वाटीवाली चहाची. किल्ल्या चपलेत, कारण बाहेर जाताना पाय चपलेतच जातो. ज्याला मी पसारा म्हणत होते तो सगळा त्यांच्या हाताला पाठ होता, आणि मी अख्खं घर पुसून टाकलं होतं.

मला रडू फुटलं. सिस्टरांनी बरीच वर्षं माणसं रडताना पाहिलेली. त्या म्हणाल्या, "रड, पण कात्री कुठे ठेवलीस ते आधी सांग. सकाळपासून शोधतेय."

मग आम्ही सगळं परत लावलं. या वेळी त्या बोलत होत्या आणि मी ऐकत होते. जुन्या बरण्या मावशीच्या भंगारातून उपसून आणल्या. औषधांच्या बाटल्यांना रबरबँड लावायचं मी सुचवलं, सकाळच्या बाटलीला एक आणि रात्रीच्या बाटलीला दोन. सिस्टरांनी बोटं फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "अक्कल आहे तुला. कार्ड छापायच्या आधी वापरायचीस."

जाताना मी म्हटलं, "मुलाला सांगा ना. आता घर असं लावलंय की तुम्ही इथेच राहू शकता, हे दाखवता येईल." रविवारी मुलगा आला, तेव्हा त्याला सगळं सांगून, त्याच्या डोळ्यांना रुमाल बांधून त्यांनी त्याच्याकडून चहा करून घेतला. चहा गोड झाला म्हणे. घर विकायचा विषय सध्या तरी बंद आहे.

वर्गात सरांनी मला उभं केलं. "अंधूक दिसणाऱ्यांची घरं लावून द्यायची! हिने बाजारातली नेमकी गरज हेरली!" मी खरं काय घडलं ते सांगायला तोंड उघडलं, तोवर टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्यांपुढे माझा निभाव लागत नाही.

पुढचं काम सिस्टरांनीच पाठवलं. डोळ्यांच्या दवाखान्यात ओळख झालेले एक निवृत्त मास्तर. मी या वेळी कशालाही हात न लावता समोर बसले.

"आजोबा, सकाळी उठल्यावर तुमचा हात पहिल्यांदा कुठे जातो?"

"चष्म्याकडे," ते म्हणाले. "आणि तो तिथे नसतो, म्हणून तर तुला बोलावलं. आता पुढचं विचार."