मधल्या खांबाचे चौदा टन

"कागदावर मधला टेकू काढून टाक. पूल किती वाकतो बघ. मग खालून ढकल, सरळ होईस्तोवर ढकल. लागेल तो जोर, तेच मधल्या खांबावरचं ओझं." बांडुंगच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात आमच्या बाई, बू हर्तिनी, हे ओवीसारखं घोळवून सांगायच्या. वीस वर्षं झाली, अजून कानात आहे.

त्या सकाळी तेच गणित मी पाचव्यांदा केलं. तीन खांबांवरचा लोखंडी पूल. मधल्यावर ऐंशी टन यायला हवेत. जॅक लावून वजन घेतलं तर काटा सहासष्टवर अडलेला. उरलेले चौदा टन दोन्ही टोकांच्या खांबांनी गुपचूप वाटून घेतले होते. काठावर खडी भरलेले सहा ट्रक चाचणीसाठी घुरघुरत होते. चटईवर पिवळ्या भाताचा डोंगर मांडलेला. पुलाला सुखरूप ठेव अशी दुआ मागायची, जेवायचं, की ट्रक वर. परवानगीची सही माझी.

मी उठत होते, बसत होते, पेन्सिल चावत होते.

"न्दुक, भात गार होतोय," मुकादम पाक तुगीनो, म्हणजे तुगीनोकाका, म्हणाले. लेकीला मारावी तशी त्यांची हाक. "काट्याचं काय घेऊन बसलीस? माझ्या गुडघ्यासारखा आहे तो, रोज नवीन काहीतरी सांगतो."

"काटा दोनदा बदललाय, पाक."

मग मी गणित उलटं फिरवलं. चौदा टन कमी व्हायला मधला खांब किती खचायला हवा? अठरा मिलिमीटर. बोटाची रुंदी. तसं असेल तर ट्रकचं वजन आधीच ताणलेल्या तुळयांवर पडणार होतं.

होडीतून खांबाशी गेले. पातळी मोजायचा पितळी खिळा शोधला. चाचणीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी खांब पांढराशुभ्र रंगवलेला. खिळ्याच्या जागी बोट फिरवलं. ताजं सिमेंट.

परतले तेव्हा दुआ संपली होती. पाक तुगीनोंनी भाताचा शेंडा कापला आणि मानाचा म्हणून माझ्या केळीच्या पानावर ठेवला. मी त्याला शिवले नाही.

"खा ना."

"ट्रकवर कोण आहेत, पाक?"

"आपलीच पोरं."

"खांब अठरा मिलिमीटर खचलाय. मी चुकत असेन तर सांगा. खाते आणि सही करते."

त्यांनी नदीकडे पाहिलं, मग ट्रककडे. सुरी खाली ठेवली.

"अठरा नाही, न्दुक. वीस. नदीला पूर आला ना, त्यानंतर मी मोजलं होतं. काम लांबलं असतं, पोरांची ईद इथंच गेली असती, म्हणून बोललो नाही. खिळा मीच लिंपला."