बाप्तिस्म्याच्या कुंडाचा राग

मित्रांनो, चर्चच्या दारापाशी उभे असलेले ते तांबड्या लाकडाचे कुंड म्हणजे मी. माझ्यातल्या पाण्याने लेकरांचा बाप्तिस्मा होतो. आता मी म्हातारा झालो, माझ्या कडांना तडे गेले; पण राग काही म्हातारा झालेला नाही. का, ते आज सांगतो.

डेड्झाच्या डोंगराखालच्या आमच्या गावात बिझेक नावाचा सुतार होता. वादळात पडलेल्या एका झाडाच्या बुंध्यातून त्याने मला घडवले. वाकसाने तासले, पटाशीने पोकळ केले आणि कडेवर हौसेने रानकोंबड्या कोरल्या. तेव्हाचे म्हातारे फादर हसले. "अरे, कोंबड्या कशाला?"

"त्यांनाही तहान लागते, फादर," बिझेक म्हणाला.

ते दिवस चांगले होते. ओल्या टाळूची लेकरे किंचाळत, आया हसत. आदमाने आरंभी जे पाप केले त्याचा डाग घेऊनच प्रत्येक मूल जन्मते, आणि ते मूळ पाप माझ्या पाण्याने धुतले जाते, असे मी ऐकत असे. मला ते खरे वाटे. मी अभिमानाने फुगे.

मग फादर काम्वेंडो आले. आमच्याच मुलखातले, तरुण. सगळे नियम तोंडपाठ.

बिझेकच्या मुलीला, फनेसीला, मुलगा झाला. लिंबानी. त्याला पाठीशी बांधून ती रविवारी माझ्यापाशी आली.

"याचा बाप कुठाय?" फादरांनी विचारले.

"फोस्टिनो तंबाखूच्या मळ्यावर आहे, फादर. पीक निघालं की येईल."

"त्याचे धर्माचे धडे अर्धेच राहिलेत. श्रद्धेत तो अजून रांगतोय. त्याला आधी उभा राहू दे, मग लेकराचं बघू."

मित्रांनो, मी काठोकाठ भरलेला होतो. एका ओंजळीचा प्रश्न होता. फनेसी मान खाली घालून परत गेली.

पुढच्याच आठवड्यात ती मका खुरपत होती. लिंबानी तिच्या पाठीवर झोपला होता. पाठीवरची ऊब गेली तेव्हा तिला कळले.

त्याला चर्चच्या दफनभूमीत न्यायला माणसे जमली. फादर दारात आडवे उभे राहिले. "कुंपणाच्या आत जागा देता येणार नाही. मूळ पाप धुतलेलं नाही."

"धुवायला आणला होता की!" बिझेक ओरडला. "परत कोणी पाठवला?"

"नियम मी केलेले नाहीत, बिझेकबाबा."

तेवढ्यात लुसिया आजी पुढे आली. गावातली निम्मी लेकरे तिच्याच हातावर जन्मली होती. "फादर, पाप केलं तेव्हा आदम केवढा होता हो?"

"म्हणजे?"

"देवानं नुकता घडवलेला नि लगेच चुकलेला. म्हणजे लेकरूच की! अजून वाढायचा होता बिचारा. माझी पोरं चुलीत हात घालायची. मी हातावर फुंकर घालायचे. त्यांच्या पोरांना चटके देत नाही बसले!"

"आजी, हे शास्त्र नव्हे."

"मग तुमचं शास्त्र अजून दूध पितंय," आजी म्हणाली आणि थुंकली.

लिंबानीला कुंपणाबाहेर पुरले. तिथे शेळ्या चरतात.

त्याच दुपारी बिझेक कुऱ्हाड घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी मनात म्हटले, घाल घाव. ज्या पाण्याने लेकराला दाराबाहेर ठेवले, ते धरून मी कशाला उभा राहू? त्याने हात उगारला. मागून फनेसीने दांडा पकडला.

"बाबा, ह्यानं काय केलंय?"

"सोड मला!"

"पाणी अडवलं कोणी, नि घाव कोणावर घालताय? दुसऱ्याचं पाप ह्याच्या माथी मारू नका. माझ्या लिंबानीच्या माथी मारलं तेवढं पुरे."

फादर वेदीपाशी मेणबत्त्या लावत होते. त्यांनी सगळे ऐकले. मान मात्र वर केली नाही.

त्यानंतर गावातल्या बायकांनी लेकरे आणणे बंद केले. मी सुकलो, तडकलो. पोटात कोळ्यांनी जाळी विणली. फादर स्वतः फडके घेऊन मला पुसत. मला त्यांची दया आली नाही.

पुढे फनेसीला मुलगी झाली. ती फोस्टिनोला घेऊन आली आणि थेट म्हणाली, "आज पाणी आहे का, फादर? की अजून कोणाचे धडे उरलेत?"

फादर स्वतः विहिरीवर गेले, बादली आणली, मला भरले. मग विचारले, "नाव?"

"यान्खो," फनेसी म्हणाली. "आणि लिंबानी."

मेलेल्या लेकराचा बाप्तिस्मा नियमात बसत नव्हता. तरी फादरांनी दोन्ही नावे घेतली, मोठ्याने. पाणी एकाच टाळूवर पडले.

मित्रांनो, माझे तडे बुजवा, धूळ पुसा, मला कोरडे पडू देऊ नका. पण माझ्यापुढे आणलेल्या लेकराला बापाच्या, आजाच्या, आदमाच्या चुकांचा जाब विचारू नका. राग गेला का, असे मला विचाराल तर सांगतो, नाही गेला. लिंबानी अजून कुंपणाबाहेरच आहे.