झाकणाच्या आतला कागद

पायाची तिसरी वाटीसुद्धा चुकली तेव्हा पोस्टमनकाका रागावले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. त्यांनी कृत्रिम पाय शांतपणे उतरवला, मोजा गुंडाळून खिशात घातला आणि मांडीवरचा लाल वळ तिला दाखवला. आधीच्या दोन वेळी जिथे होता, तिथेच. "इथे तेवढं टोचतंय, बाकी छान आहे हो," ते म्हणाले. माणसाने इतकं चांगलं असू नये. दोन शब्द सुनावले असते तर तिला निदान भांडता तरी आलं असतं. महिनाअखेर त्यांनी उभं राहून, चालून दाखवलं नाही तर त्यांना कायमचं खिडकीमागे तिकिटं विकायला बसवणार होते. तीस वर्षं रस्ते तुडवलेला माणूस तो.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत तिला सगळे स्कॅनवाली म्हणत. उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी नीट झाली तर तो पाय, नाहीतर नुसती शिक्षा. स्कॅनर हातात धरून मांडीभोवती सावकाश फिरवायचा, संगणकाच्या पडद्यावर आकार उमटायचा आणि पलीकडच्या खोलीतलं यंत्र त्या मापाने साचा कोरायचं. अकरा वर्षांत तिची एकही वाटी परत आली नव्हती. आता एकाच माणसाच्या तीन आल्या.

कार्यशाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की गुरुवारी चौथं स्कॅन माझ्यासमोर होईल, आणि तेही बिघडलं तर स्कॅनर दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल, तू पट्टे शिवायच्या टेबलावर बस. पट्टे शिवणं काही कमीपणाचं नव्हे. पण ज्या कामाने तिला ओळख दिली ते काम काढून घेतलं की माणूस उरतो किती, हा प्रश्न होताच. यंत्रं सांभाळणारे मास्तर शेजारीच उभे होते. बाईंनी त्यांना विचारलं, तुमचं काय मत. मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "हल्ली तिचा हात हलतो."

मास्तर असं म्हणतात म्हणजे तसंच असणार, हा तिचा पहिला विचार. बाहेर येऊन तिने स्वतःचा हात समोर धरून पाहिला, आणि पाहिला म्हणूनच तो हलला.

कारण मास्तर म्हणजे मास्तर. तो संगणक, तो स्कॅनर, दोघांना जोडणारं ते कार्ड हे सगळं त्यांनी बसवलेलं आणि तिला शिकवलेलंही त्यांनीच. संगणक इतका जुना की भंगारवाल्यानेही नाक मुरडावं, पण स्कॅनरचं कार्ड फक्त त्यातच बसायचं आणि कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेलेली. म्हणून मास्तरांनी एक शिस्त घातली होती. संगणकाच्या डब्याच्या झाकणाला आतल्या बाजूने कागद चिकटवलेला. डब्यात किंवा त्याच्या प्रणालीत जो कुणी बोट घालेल त्याने तारीख टाकून लिहायचं काय केलं, आणि खाली दोन सह्या, एक करणाऱ्याची, एक बघणाऱ्याची. एक कागद भरला की त्यावर दुसरा. मास्तर म्हणायचे, कागदावर नाही ते घडलंच नाही. ती हे वाक्य अकरा वर्षं जगली होती.

आणि नेमकी इथेच तिची फसगत झाली. तीन आठवडे ती बिघाड शोधत होती. केबल बदलली, स्कॅनरची काच पुसली, मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून घासून बसवल्या, संध्याकाळी घरी जाऊन पाण्याचा पेला धरून हात स्थिर ठेवायचा सराव केला. नवऱ्याने विचारलं हे काय, तर व्यायाम म्हणाली. या सगळ्यात मास्तर तिला स्क्रू काढून देत होते, टॉर्च धरत होते, वर चहाही आणून देत होते. फक्त एकच गोष्ट तिने तपासली नाही. ती तपासायची गरज नाही असं कागद सांगत होता.

दोन वर्षांपूर्वीची नोंद होती ती, तिच्याच अक्षरातली. त्या संगणकात आठ जीबी मेमरी बसवलेली होती, पण जुन्या बत्तीस बिटांच्या प्रणालीला चारच्या पलीकडचं दिसत नाही. मेमरीतल्या जागेचा पत्ता लिहायला तेवढेच आकडे. यावर एक तोडगा असतो. संगणक सुरू होताना जी फाईल वाचली जाते तिच्यात एक लहानशी ओळ घालायची. मग पत्ता छत्तीस बिटांचा होतो आणि वरची मेमरी उघडते, यंत्र पळायला लागतं. तिने आणि मास्तरांनी ती ओळ घालून पाहिली होती. यंत्र पळालं खरं, पण चाचणीचं स्कॅन विस्कटलं, कारण स्कॅनरच्या कार्डाला मोठा पत्ता कळतच नव्हता. म्हणून तिने लिहिलं, "ओळ काढली. पुन्हा लावू नये." खाली दोघांच्या सह्या.

सोमवारी दुपारी ती पोस्टमनकाकांचं तिसरं स्कॅन पुन्हा पडद्यावर फिरवून बघत होती. वळाच्या उंचीवर तिला तीन बोटं रुंदीचा एक पट्टा दिसला. प्रणालीने कडा इतक्या गुळगुळीत केल्या होत्या की सहज कळू नये. त्या पट्ट्यात एक खाच होती, अर्ध्या चंद्रासारखी. पोस्टमनकाकांच्या मांडीला अशी खाच नव्हती. पण ती तिने पाहिली होती. तिसऱ्या स्कॅनच्याच दिवशी सकाळी एका शिवणशिक्षिकेचं स्कॅन करताना तिने विचारलंही होतं, आणि शिक्षिकेने हसत सांगितलं होतं की लहानपणी शेजारच्यांचा कुत्रा चावला.

एकाच्या मांडीत दुसऱ्याची मांडी. हात हलला तर आकार वेडावाकडा येईल, कुत्र्याचे दात कुठून येतील? असं होण्याचं एकच कारण तिला माहीत होतं. दुपारपर्यंत फायली उघडून मेमरी भरत गेली की मोठ्या मांडीच्या स्कॅनला चारच्या वरची जागा मिळत असणार. कार्ड तिथे पोचत नसणार, ते वरचे आकडे गाळून भलतीकडेच माप टाकत असणार, आणि खऱ्या जागी सकाळच्या पेशंटचं उष्टं माप तसंच पडून राहत असणार. सकाळी येणाऱ्यांना काही होत नव्हतं, कारण तेव्हा वर जायची वेळच येत नव्हती. पोस्टमनकाका बिचारे नेहमी दुपारचे.

तिने ती फाईल उघडली. ओळ तिथे होती. फाईल शेवटची बदलल्याची तारीख पाहिली, गेल्या महिन्यातला एक मंगळवार. त्या आठवड्यात ती चार दिवस रजेवर होती, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी. मग तिने झाकण काढून कागद पाहिला. त्याच मंगळवारची नोंद मास्तरांच्या सुबक अक्षरात होती, "पंखा साफ केला. जुन्या फायली काढल्या. यंत्र चपळ झाले." बघणारा म्हणून पट्टे शिवणाऱ्या काकांची सही, ज्यांना पंखा आणि पडदा यांतला फरक सांगावा लागतो. ती रजेवरून आली तेव्हा यंत्र खरंच चपळ झालं होतं. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर मास्तरांचं कौतुक केलं होतं, आणि निवृत्तीनंतरही त्यांना एक वर्ष ठेवून घ्यायचं ठरलं होतं. तिने टाळ्या वाजवल्या होत्या, सगळ्यांत जोरात.

मास्तर मागच्या खोलीत कानस घासत बसले होते. तिने दार लोटून घेतलं आणि ओळ सापडल्याचं सांगितलं. ते नाही म्हणाले नाहीत. कानस खाली ठेवली, हात पुसले. मग बोलायला लागले की घरी बसायची कल्पनाच सहन होत नाही, दिवसभर भिंतीकडे बघून माणूस मरतो, वाटलं होतं चालून जाईल, सकाळची स्कॅन तर व्यवस्थितच येत होती. ती ऐकत होती. तिला त्यांची कीव येत होती, आणि आपल्याला कीव येते याचा रागही.

"लिहिलं का नाही?" तिने विचारलं.

"लिहिलं असतं तर तू आल्या आल्या काढली असतीस."

"आणि मी तीन आठवडे पट्ट्या घासत होते, तेव्हा?"

मास्तरांनी कानस उचलून परत ठेवली. मग म्हणाले, "मंगळवारी सांगेन म्हटलं, मग बुधवारी. दिवस गेले तसं जड होत गेलं गं पोरी. आता तू ओळ काढून टाक आणि केबल सैल होती म्हण. मी पण तेच म्हणेन. कुणाचंच काही जायला नको."

ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. अकरा वर्षांचं ऋण अंगावर असलं की तोंडातून नाही निघत नाही. दोन दिवस तिने विचार केला आणि बुधवारी संध्याकाळी ठरवलं की केबल म्हणायचं. म्हाताऱ्याचं एक वर्ष जाऊ दे सुखात. आपला हात हलत नाही हे आपल्याला कळलं, तेवढं पुरे. एवढं मोठं मन करून ती गुरुवारी कामावर आली.

खोलीत मोठ्या बाई, पोस्टमनकाका आणि मास्तर आधीच होते. ती तोंड उघडणार तोच मास्तर म्हणाले, "बाई, दोष सापडला. हिने दोन वर्षांपूर्वी एक ओळ लावून बघितली होती, ती काढायची राहिली. चूक माणसाकडूनच होते, तिला सांभाळून घ्या."

सांभाळून घ्या. केसाने गळा कापावा आणि वर फुंकर घालावी, तसं. तिने मास्तरांकडे पाहिलं, ते खिडकीकडे बघत होते. तेव्हा तिला समजलं की त्यांना भीती तिच्या खोटेपणाची नव्हतीच, ती खरं बोलेल याची होती. तिच्यावर त्यांचा एवढासुद्धा भरवसा नव्हता, आणि ती मात्र त्यांच्यासाठी खोटं बोलायला निघाली होती.

तिने फाईल उघडली आणि तारखेवर बोट ठेवलं. संगणकाला तारीख टाकायला कुणी सांगावं लागत नाही. बाईंनी तारीख वाचली. मग कपाटातून रजेचं रजिस्टर काढलं, त्या आठवड्याचं पान पाहिलं, ज्यावर त्यांचीच मंजुरी होती. रजिस्टर मिटून त्या मास्तरांना एवढंच म्हणाल्या की स्कॅन झालं की माझ्या खोलीत या.

तिने ओळ काढली, संगणक पुन्हा सुरू केला. तो पूर्वीसारखाच कण्हत, वेळ घेत जागा झाला. तेवढ्या वेळात पोस्टमनकाकांनी विचारलं, नक्की झालं काय होतं. तिने सांगितलं की आपल्या कार्डाला घराचा नंबर वाचता येतो, पण पुढे लिहिलेलं वसाहतीचं नाव वाचता येत नाही. काकांनी लगेच मान हलवली. "म्हणजे नव्या वसाहतीतल्या सात नंबरचं पत्र जुन्या वसाहतीतल्या सात नंबरला. नवीन पोरं नेहमी करतात," ते म्हणाले. मग तिने स्कॅनर उचलला आणि मांडीभोवती फिरवला. हात हलला नाही. आकार उमटला, तो फक्त त्यांचाच. पुढच्या आठवड्यात ते नवी वाटी घालून फाटकापर्यंत गेले आणि परत आले, वळ नाही.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी बाकी सगळे गेल्यावर तिने बाईंसमोर झाकण काढलं आणि कागदावर लिहिलं, ओळ काढली, कुणी लावली होती, कधी. बघणाऱ्याची सही बाईंनी केली. मग एक कागद वाचून तिचं भागेना. मास्तरांच्या नोंदीत आणखी कुठे काय लपलं असेल हे आता कुणी सांगावं? चिकटवलेले कागद तिने ओले करून एकेक सोडवले, टेबलावर मांडले आणि नवीनपासून जुन्याकडे प्रत्येक नोंद यंत्राशी ताडून बघायला घेतली. पंखा कधी बदलला, बॅटरी कोणती, कार्ड कुठल्या खाचेत. बहुतेक सगळं खरं निघालं. खरं निघालं म्हणून बरं वाटेना.

शेवटी तळाचा कागद राहिला, पिवळा पडलेला. पहिली नोंद मास्तरांची होती, ती कामाला लागली त्या आठवड्यातली. तिने ती पूर्वी कधी वाचलीच नव्हती, वर नेहमी दुसरे कागद असायचे.

"आज नव्या मुलीने डबा पहिल्यांदा उघडला. हात अगदी स्थिर. चांगली होईल."

ती कितीतरी वेळ ते अक्षर बघत राहिली. यातलं खरं किती, हे कशाशी ताडून बघायचं ते तिला कळेना.