संत्र्यात उतरलेलं रक्त

नागपुरात हुडकेश्वरच्या त्या लॉनवर एरवी लग्नं लागतात. डिसेंबरातल्या त्या रविवारीही मांडव होता, खुर्च्या होत्या, भोंगे होते. नव्हते ते फक्त नवरा-नवरी. त्यांच्या जागी डोकी होती. ठणकणारी, गरगरणारी, रात्रंदिवस भणभणणारी शे-दोनशे डोकी, आणि प्रत्येक डोक्याच्या मालकाच्या हातात रुमालात बांधलेलं एकेक संत्रं.

"आपलं संत्रं आपणच आणा!" भोंगा ओरडत होता. "संत्रं तुमचं, डोकं तुमचं, रक्त तुमचं! महाराजांची फक्त कृपा!"

गोपिकाबाईंनी पदर कानावर ओढून घेतला. नरखेडकडच्या एका खेड्यात तीनशे झाडांचा बगीचा एकटीच्या हिमतीवर राखणारी ही बाई. धाकट्या भावाकडे, मनोहररावांकडे, दोन दिवसांसाठी म्हणून आली आणि येताना सवयीप्रमाणे बगीच्यातली कॅरेटभर संत्री घेऊन आली. भाऊ कॅरेट पाहून खूश झाला. म्हणाला, "बरं झालं बाई, संत्रे आणले. उद्या भूमिकाले महाराजांकडे न्यायचं हाय." गोपिकाबाईंना हे प्रकरण नवीनच होतं. त्यांनी पाच संत्री पिशवीत टाकली आणि त्याही निघाल्या.

भूमिका म्हणजे मनोहररावांची लेक. अडीच महिन्यांपूर्वी प्रताप नगरात तिच्या स्कूटीला कुत्रं आडवं गेलं, ती पडली आणि डोकं दुभाजकावर आपटलं. हेल्मेट होतं म्हणून जिवावरचं टळलं. स्कॅन काढला, तो नॉर्मल आला, घरात पेढे वाटले. पण डोकं काही थांबेना. उजेड खुपायचा. ऑफिसात कॉम्प्युटरसमोर अर्धा तास बसलं की अक्षरं नाचायची. चहात साखर घातली की नाही, तेही आठवायचं नाही.

"रिपोर्ट नॉर्मल हाय ना? मंग?" जो तो विचारायचा. ऑफिसवाले म्हणाले, सुट्टीची चटक लागली. शेजारीण म्हणाली, लग्न टाळायचे बहाणे. मनोहरराव तोंडानं काही बोलले नाहीत, पण स्कॅनचा कागद त्यांनी टीव्हीजवळ ठेवला, पोरीला येता-जाता दिसेल असा. बापाच्या त्या न बोलण्यानं पोर जास्त खचली.

आणि मग भेटले हे शीर्षनाथ महाराज. पहिल्याच दिवशी तिच्या डोळ्यांत पाहून म्हणाले, "पोरी, तू खोटं बोलत नाहीस. तुझ्या डोक्यात रक्त गोठलंय. मशीनला दिसत नाही, आम्हाला दिसतं." संत्रं फोडलं, तर त्यातून लालकाळं रक्त! भूमिका ओक्साबोक्शी रडली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा कुणी तिचं खरं मानलं होतं.

आज तिसरी बैठक होती. संत्र्यानंतर 'घुमवणी' असे. म्हणजे केस धरून डोकं गरगरा हलवायचं, उरलेलं रक्त सुटं व्हावं म्हणून. मागच्या घुमवणीनंतर भूमिकेला दोन दिवस उलट्या झाल्या. "रक्त ढिलं होऊन राहिलं," असा निरोप आला आणि डॉक्टरांनी शिकवलेले तोल सावरायचे व्यायाम बंद करायचा हुकूमही आला. हे सगळं गोपिकाबाईंना रिक्षात बसल्यावर कळलं. त्यांना भावाचा असा राग आला की उतरेपर्यंत त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत.

महाराज व्यासपीठावर आले. भगवी शाल, मनगटात स्मार्ट घड्याळ.

"झीरो माइलचा दगड नागपुरातच का?" त्यांनी सवाल टाकला. "कारण नागपूर भारताचा मध्य. आणि शरीराचा मध्य कोणता? डोकं! म्हणून डोक्याचं दुखणं ओढायला नागपूरचंच संत्रं लागतं. यात मॅग्नेट असतं, मॅग्नेट!"

"शरीराच्या मधात तं बेंबी असते," गोपिकाबाई पुटपुटल्या.

"चूप बस ना बाई," मनोहरराव कासावीस झाले.

भूमिकेचं नाव पुकारलं गेलं. एका सेविकेनं तिचं संत्रं ताटात घेतलं, वर लाल कापड झाकलं, पडद्यामागे नेलं आणि 'मंतरून' परत आणलं. महाराजांनी ते तिच्या डोक्यावरून सात वेळा उतरवलं, वरच्या टोकातून अंगठा खुपसला आणि फोडलं. पांढऱ्या चादरीवर लालकाळे थेंब टपटप पडले. मांडवात जयजयकार झाला. एक म्हातारा तर खुर्चीवरच उभा राहिला.

साल उडून गोपिकाबाईंच्या पायाशी पडली. संत्र्याची साल दिसली आणि बाईंनी उचलून पाहिली नाही, असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. त्यांनी ती उलटसुलट केली. अंगठ्यानं घासली. मग वरचं टोक डोळ्याजवळ नेलं.

"मनोहर," त्या म्हणाल्या, "हे संत्रं आपलं नोहे."

"बाई, तुले काय होऊन राहिलं?"

"मले काई होऊन नाही राहिलं. आपला माल कैचीनं कापतो गा आपण, देठाची हिरवी बुडखी ठेवून. याचा देठ उपटेल हाय. अन् हे चमक पाय! याले मेणाचं पॉलिश मारलं हाय, बाजारातल्या मालासारखं. झाडावरून कॅरेटात आणलेल्या संत्र्याले पॉलिश कोण मारलं? मी?"

तिकडे महाराजांनी घुमवणीसाठी भूमिकेच्या केसांत हात घातला होता. गोपिकाबाई तरातरा वर चढल्या आणि त्यांनी तो हात मनगटाला धरून बाजूला केला.

"थांबा महाराज. पोरीचं डोकं अजून दुखते म्हणे. अजून एक संत्रं उतरवा ना. हे घ्या, माह्याच हातचं. ताटात नाही ठेवायचं, पडद्यामागं नाही न्यायचं. इथंच, सगळ्याइच्या डोळ्यादेखत."

"माई, अभिमंत्रित केल्याशिवाय फळ काम करत नाही."

"मंग इथंच मंत्र म्हणा. आम्ही कान बंद करतो."

लोक हसले. मागून कुणी ओरडलं, "होऊन जाऊ द्या!" महाराजांचा नाइलाज झाला. त्यांनी संत्रं उतरवलं, फोडलं. आत बिचाऱ्या केशरी फोडी, दुसरं काही नाही.

"रक्त संपलं!" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "पोरगी बरी झाली!"

"भूमिका, बरी झाली का वं?" आत्यानं विचारलं.

भूमिकेनं कपाळ दाबून मान हलवली. नाही.

गोपिकाबाईंनी मग सेविकेच्या ताटावरचं लाल कापडच ओढलं. पुढच्या रोग्यासाठी मंतरलेलं एक चकचकीत संत्रं तिथं तयार होतं. त्यांनी ते उचललं, भोंग्याच्या खांबाकडे गेल्या, भोंग्यावरून सावकाश सात वेळा उतरवलं आणि फोडलं. लालकाळं पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

"काहून गा महाराज, हा भोंगा बी स्कूटीवरून पडला होता का?"

हसण्याचा असा लोट उठला की जयजयकार करणारा म्हाताराही खुर्चीवरून उतरून पोट धरू लागला. दोघा-तिघांनी पडदा बाजूला केला. मागे पॉलिशच्या संत्र्यांची पेटी होती, खायच्या रंगाची बाटली आणि इंजेक्शनच्या चार सुया. देठ उपटायचा, त्याच भोकातून रंग सोडायचा. नागपुरी संत्र्याची साल सैल, त्यामुळे रंग आत मजेत पसरतो. शिवाय महाराज अंगठा तिथूनच खुपसत, म्हणजे भोकही फाटून जाई. अवघी विद्या ती एवढीच. महाराज मागच्या फाटकाकडे सरकले, पण तिथं आधीच लोक उभे होते आणि कुणीतरी पोलिसांना फोन लावला होता. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात शोभेसाठी केलेला नाही.

सगळे हसत होते. एक भूमिका तेवढी व्यासपीठाच्या पायरीवर बसून रडत होती.

मनोहरराव तिच्याजवळ गेले आणि जे बोलू नये तेच बोलले. "म्हणजे... डोक्यात काहीच नव्हतं?"

पोरीनं मान वर केली. "पाहा आत्या. एवढं एक रक्त होतं माझ्या बाजूनं बोलणारं. तेही गेलं."

गोपिकाबाई पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. हात रंगानं बरबटले होते, तसेच त्यांनी पोरीला जवळ घेतलं आणि भावाकडे वळल्या.

"मनोहर, बह्याडा, संत्रं खोटं निघालं. पोरीचं दुखणं खोटं नाही निघालं! पोटची पोर अडीच महिन्यापासून म्हणून राहिली, माहं डोकं दुखते. तिले तू कागद दाखवते. अन् हा शालवाला म्हणते रक्त आहे, त्याले एक सवाल नाही विचारत. ज्याचं दुखते त्याच्यावर भरोसा ठेवाचा असते गा, अन् जो बरं करतो म्हणते त्याले पुरावा मागाचा असते. तू नेमकं उलटं केलं."

मनोहरराव लेकीसमोर खाली टेकले. रुमालानं लेकीचे डोळे पुसू लागले, आणि पुसता पुसता त्यांचेच भरून आले. "चुकलं माझं, बेटा," एवढं मात्र ते म्हणाले.

सोमवारी ते स्वतः तिला घेऊन, तोलाचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टर अपेक्षांकडे गेले. घुमवणीचं ऐकून डॉक्टर आधी चिडल्या, मग त्यांनी पोरीला नीट तपासलं आणि शांतपणे सांगितलं. मोठा रक्तस्राव असेल तर तो स्कॅनमध्ये दिसतो, कवटीला तडा गेला असेल तर तोही दिसतो. आत हादरलेल्या मेंदूचं बिघडलेलं काम बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून ते नाही असं नव्हे. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात, काहींना महिने लागतात. वेळेवर झोप, स्क्रीन बेतानं, काम थोडं थोडं वाढवत न्यायचं, तोल सावरायचे आणि मानेचे व्यायाम, गरज पडेल तशी डोकेदुखीची औषधं. आणि डोक्याला पुन्हा धक्का बसू द्यायचा नाही.

"एका बैठकीत बरं होणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "किती दिवसांत होईल, तेही मी आज छातीठोक सांगू शकत नाही."

ज्याला ठाऊक नसतं तो तसं कबूल करतो, आणि म्हणूनच त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विसंबता येतं. छातीठोक सगळं सांगणारा भेटला, की वाचकहो, हात जोडण्याआधी त्याच्या ताटावरचं कापड उचलून पाहा. आणि घरात कुणी डोकं धरून बसलं असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, कुठं दुखतंय?

मनोहररावांनी दवाखान्याच्या बाकावर बसून नेमकं तेच विचारलं. भूमिका सांगत राहिली, आणि ते मध्ये एकदाही न बोलता ऐकत राहिले.