आखूड दांड्याचा पंजा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी पंजा आहे. पंजा म्हटल्यावर तुमच्यातले काही जण आपल्या हाताकडे बघतील, काहींना वाघ आठवेल. मी त्यातला नव्हे. लांब दांड्याच्या टोकाला लोखंडी दातांची ओळ असते, वाळका पाला ओढायला आणि माती सारखी करायला जो वापरतात, तो मी. कोणी मला दंताळेही म्हणते. माझा एक दात अर्ध्यातून तुटला आहे आणि दांडा तर इतका आखूड आहे, की पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येते. येऊ दे. मी माझ्या दांड्याची गोष्ट सांगितली, की हसणारे गप्प होतात.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. लोहार फारसा बोलका नव्हता. एकेक दात ठोकून झाला की तो मला फरशीवर ठेवी आणि एक डोळा मिटून बघे. एखादा दात जरा वर राहिला, तरी मी पुन्हा निखाऱ्यात. तेव्हा फार राग यायचा. पुढे कळले, की सगळे दात एकाच वेळी जमिनीला टेकणे हेच माझे शिक्षण होते.

तिथून मी गेलो एका मोठ्या क्रीडांगणावर. तिथली हिरवळ राखणाऱ्या माळ्याला सगळे खेळाडू 'मैदानमामा' म्हणत. मामा उंच, सडपातळ आणि भलतेच कडक. सामना नसताना कोणी बूट घालून गवतावर पाऊल टाकले, तर मामांची शिट्टी अशी वाजायची, की तो माणूस पाय उचलून एका पायावर उभा राही. थंडी सरून ऊन कोवळे झाले की आमचा हंगाम सुरू होई. गवताच्या मुळांशी वर्षभराची मेलेली पाती साचून जाड थर बनलेला असतो. तो उपसून काढायचा, जमिनीला भोके पाडायची, टक्कल पडले असेल तिथे बी फेकायचे आणि वरून माझा हलका हात फिरवायचा. सामन्याच्या दिवशी लोक म्हणत, "काय मैदान आहे! गालिचाच जणू!" माझे नाव कोणी घेत नसे. पण काम आटोपल्यावर मामा माझे दात धूत, तेलाच्या फडक्याने पुसत आणि मला खुंटीला टांगताना म्हणत, "शाबास रे पठ्ठ्या." मला तेवढे पुरे होते.

मामा निवृत्त झाले तेव्हा क्रीडांगणाच्या लोकांनी त्यांना घड्याळ द्यायचे ठरवले.

"घड्याळ कशाला?" मामा म्हणाले. "आता वेळच वेळ आहे. द्यायचंच असेल तर माझा पंजा द्या."

असा मी मामांच्या घरी आलो. घर लहान, पण पुढे अंगण ऐसपैस. मामी वारून बरीच वर्षे झाली होती आणि एकुलती एक मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. मामांनी त्या अंगणात हिरवळ केली. तिच्यावर ते स्वतःसुद्धा अनवाणीच चालत.

मग तो दिवस आला. झाडांची पाने गळत होती. मामा मला घेऊन पाला ओढत होते आणि एकाएकी त्यांच्या उजव्या हाताची पकड सुटली. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. मी गवतावर पडलो आणि माझ्या शेजारी मामा पडले. कुंपणापलीकडे राहणाऱ्या सुताराने ते पाहिले आणि हातातला रंधा टाकून तो धावत आला.

मामांना अर्धांगवायूचा झटका आला होता. ते इस्पितळातून परतले तेव्हा त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि शब्द तोंडातल्या तोंडात अडखळत होते. त्यांच्याबरोबर त्यांची थोरली बहीण राहायला आली. ही अक्का. जन्मभर नर्स म्हणून काम केलेली, बुटकी, ठणठणीत आणि कोणाचेही न ऐकणारी. सत्तरीच्या भावाला ती अजून 'बाळ्या' म्हणायची.

मला कोणीतरी खिडकीखालच्या भिंतीला टेकवून ठेवले होते. तिथेच माझा हिवाळा गेला. पावसात भिजलो, धुक्यात गारठलो. दात तांबूस झाले, दांड्याला उभी चीर गेली. वर खिडकीत मामा खुर्चीत बसलेले असत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना दाबायला रबरी चेंडू दिला होता. त्यांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला. तो माझ्या पायाशीच पडला होता. आम्ही तिघेही निकामी, असे मला वाटू लागले होते.

हिवाळ्याच्या शेवटी मुलगी आली. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"बाबा, उन्हाळा लागला की मी तुम्हाला माझ्याकडे नेणार. घर भाड्याने देऊन टाकू. आत्या तरी किती दिवस करेल?"

"आत्याला मध्ये घेऊ नकोस," अक्का म्हणाली. "आत्याला काही झालेलं नाही."

"पण यांना झालंय ना! दाराच्या पायऱ्यासुद्धा उतरता येत नाहीत." मुलगी म्हणाली. "त्या एकट्याने उतरून दाखवल्या, तर मी एक शब्द काढणार नाही. मला काय हौस आहे का, तुम्हाला इथून उपटून न्यायची?"

मुलगी डोळे पुसत गेली.

दिवस मोठे होऊ लागले. अंगणात ऊन पसरले आणि हिरवळीचे हाल उघडे पडले. वाळक्या गवताचा जाड थर, सावलीत शेवाळ, मधूनमधून टक्कल. मामा दिवसभर ते बघत आणि मान फिरवत.

एका सकाळी अक्का कुदळ घेऊन बाहेर आली. पदर खोचला आणि खिडकीकडे बघून म्हणाली, "बाळ्या, मी भाजी लावणार आहे. गवत काही शिजवून खाता येत नाही." आणि तिने हिरवळीच्या अगदी मधोमध पहिला घाव घातला.

खिडकीची काच धडधडली. मामा डाव्या तळव्याने काचेवर थापा मारत होते. अक्काने दुसरा घाव घातला. मग घरात खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काठी दणादण आपटत आली आणि दार उघडले. दारात मामा. चेहरा लालबुंद.

"अक्का! ति... तिथं नको!"

"का नको? जागा आहे की."

"मधोमध... टक्कल करतेस!"

"मग कुठं खणू ते सांग. नुसता ओरडू नकोस."

"कुंपणापाशी! ऊन तिथं... जास्त असतं. आणि कुदळ नीट धर. साप मारतेयस का?"

झटका आल्यापासून मामा सलग एवढे कधीच बोलले नव्हते. अक्काने पाठ फिरवली. तिचा चेहरा मामांना दिसला नाही, पण मला दिसला. ती ओठ दाबून रडत होती आणि हसतही होती. तिने हे मुद्दाम केले का, ते मला आजही ठाऊक नाही. भाजी मात्र तिला खरोखरच हवी होती.

तिने मला उचलून मामांकडे नेले. "घे. सांगणारे पुष्कळ असतात. करून दाखव."

मामांनी डाव्या हाताने मला धरले, जोर दिला आणि माझा चिरलेला दांडा कडकन मोडला. मला वाटले, संपले. आता चेंडूसारखे मलाही भिरकावणार. पण मामांनी तुकड्यांकडे एकदा पाहिले आणि कुंपणाच्या दिशेने हाक मारली. "सुतार!"

सुतार कुंपणावरून डोकावला. त्याने मला हातात फिरवून पाहिले, मग मामांना पाहिले. "मामा, आता लांब दांडा तुम्हाला आवरायचा नाही. आखूड करू. वर आडवी मूठ बसवतो, डाव्या हातासाठी. आणि मध्ये कापडी पट्टा लावू. उजवं मनगट त्यात अडकवायचं."

"उजवा मेलाय," मामा पुटपुटले.

"मेला असेल तर बरोबर फिरायला येऊ दे की. त्याला कुठं काम सांगितलंय?" सुतार म्हणाला.

मित्रांनो, तो दांडा मिळाला त्या दिवशी मी स्वतःलाच ओळखले नाही. ठेंगणा, पट्टा बांधलेला, डोक्यावर आडवी मूठ. पण दात घासूनपुसून लख्ख झाले होते.

दुसऱ्या दिवशी मामा पायऱ्यांवर बसले आणि बसल्याबसल्याच एकेक पायरी खाली सरकले. अक्का मदतीला धावली, तर तिच्यावर डोळे वटारले. खालच्या पायरीवरून कठडा धरून ते उठले, गवतावर त्यांनी मला टेकवले, उजवे मनगट पट्ट्यात अडकवले आणि ओढले. मी थोडासा सरकलो. आणखी ओढले. वाळक्या गवताची मूठभर गुंडाळी निघाली. तिसऱ्या वेळी मात्र त्यांचा तोल गेला आणि ते कुशीवर कोसळले.

अक्काने त्यांच्या काखेत हात घातला, पण तिच्याने ते उचलेनात. "थांब, सुताराला बोलावते."

"नको." मामांच्या गालाला माती लागली होती. "कोणाला नको. बाजूला हो."

ते गुडघ्यावर आले. मला त्यांनी समोर जमिनीत रोवले आणि मुठीवर सारा भार टाकला. एवढे ओझे माझ्यावर कधीच पडले नव्हते. माझे दात मातीत खोल गेले, खाली कुठेतरी दगड लागला आणि कडेचा एक दात अर्ध्यातून तुटला. कळ आली. पण मी हललो नाही. मी हललो असतो, तर ते पुन्हा पडले असते आणि परत उठले असते की नाही, कोण जाणे. मामा थरथरत, दातओठ खात वर येत गेले आणि उभे राहिले.

अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती. "झालं? आता उभाच आहेस तर तेवढा कोपरा ओढून टाक," ती म्हणाली.

त्यानंतर आमचे रोजचे काम सुरू झाले. आज चटईएवढा तुकडा, उद्या त्याच्या शेजारचा. मामा वाळका थर ओढत, शेवाळ खरवडत. अक्का दातेरी फावड्याने भोके पाडी आणि मामा डाव्या हाताने बी फेकत. मग माझा हलका हात फिरे. तो पूर्वीसारखा हलका पडत नसे. कधी बी गोळा होई, कधी माती उकरली जाई. मामा चिडत, शिव्या घालत आणि पुन्हा करत. कुंपणापाशी अक्काने वाफे केले. त्यातली ढेकळे मी फोडली आणि माती सपाट केली. एका वाफ्यात मुळा, एकात पालक, कडेने वाटाणा.

"ओळ वाकडी आहे," मामा खेकसत.

"मुळ्याला सरळ ओळीशी काय करायचंय? त्याला खाली जायचंय," अक्का म्हणे.

कधीतरी एका दुपारी पट्ट्यात अडकलेल्या उजव्या हाताची दोन बोटे माझ्या दांड्याभोवती वळली. इतकी हलकेच, की मामांनाही आधी कळले नाही. मला कळले. मी ती पकड वर्षानुवर्षे ओळखत होतो.

उन्हाळा लागला आणि ठरल्याप्रमाणे मुलगी आली. फाटकातून आत शिरली तर खिडकीतली खुर्ची रिकामी. ती घाबरली. "बाबा? आत्या?"

"इकडे!" वाफ्याकडून आवाज आला. मामा ओल्या मातीत बसून दाट उगवलेला मुळा विरळ करत होते. "येतो. एवढी ओळ संपू दे."

"पायऱ्या कोणी उतरवल्या?"

"कोणी नाही," अक्का म्हणाली. "मी तर झोपले होते."

मुलगी सामान घ्यायला म्हणून आत गेली. मागच्या खेपेला तिने कपडे भरायला मोठी बॅग ठेवली होती. थोड्या वेळाने ती उघडी बॅग दोन्ही हातांनी उचलून दारात आली. आत मातीचे पेले आणि त्यांत टोमॅटोची पोपटी रोपे उभी होती.

"हे काय आहे?"

"रात्री गारठा पडला की झाकण लावतो," मामा म्हणाले. "छान उबदार बॅग आहे तुझी."

मुलीला हसू फुटले आणि हसता हसताच ती पायरीवर बसून रडू लागली. मामांनी मला समोर रोवले, मुठीवर भार दिला आणि उठले. त्यांना वेळ लागला. मुलगी मदतीला उठू लागली, तर अक्काने तिचा खांदा दाबून धरला. मामा स्वतःच्या पायांनी तिच्यापर्यंत आले.

"बोल. नेतेस?"

"नाही," ती नाक पुसत म्हणाली. "पण दर रविवारी फोन करायचा. आणि ही रोपं मी कुठे लावू, ते सांगा."

मित्रांनो, मामांचा हात पूर्ण बरा झाला नाही. तो होणारही नाही. ती दोन बोटे येतात, बाकीची येत नाहीत. हिरवळ पूर्वीच्या मैदानासारखी गालिचा नाही; तिच्यात खाचखळगे आहेत आणि अक्काने मधोमध घातलेल्या घावाचा वण अजून दिसतो. पण गवत हिरवे आहे आणि घरात रोज ताजी भाजी येते.

तुमच्या घरीही एखादे अवजार भिंतीला टेकून गंजत असेल. त्याला धुवा, पुसा, तेल लावा. दांडा मोडला असेल, तर नवा बसवा. आणि घरातले एखादे माणूस थकून खुर्चीत बसले असेल, तर त्याला उशी द्या, पांघरूण द्या, औषध वेळेवर द्या. पण त्याच्या वाटणीचे काम त्याच्याकडून काढून घेऊ नका. काम जड जात असेल, तर दांडा आखूड करा. करताना ते पडले, तर लगेच उचलायला धावू नका. जवळ उभे राहा आणि घट्ट रोवून घेण्यापुरती जागा त्याला द्या. उठायचे ते त्यालाच असते.