माझ्या पंखांवरच्या दोन नळ्या

मित्रांनो, मी एक जुने लष्करी विमान आहे, आणि शेजारच्या विमानाचा मत्सर करण्यात माझी निम्मी हयात गेली आहे. हे मी आधीच कबूल करते. म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल काही वाकडे बोलले तर तुम्हाला नवल वाटायला नको.

आम्ही दोघे एका संग्रहालयाच्या लांब दालनात उभे आहोत. तो लढाऊ विमान आहे. नाक टोकदार, अंग सडपातळ, पंखांत मशीनगन. दाराजवळच्या दुकानात त्याची प्लॅस्टिकची मॉडेल मिळतात. एका खोक्यात सुटे भाग असतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. त्याची अशी अकरा प्रकारची खोकी निघाली आहेत. माझे एकही नाही. मुले माझ्या पंखाखाली उभी राहून त्याचे खोके उघडतात, तेव्हा माझ्या मनाचे काय होत असेल, याचा विचार करा.

मला बांधले तेही युद्धाच्याच दिवसांत. कारखान्यात माझ्या अंगावर पत्रे ठोकणारे कारागीर म्हणत, हे गाडे दणकट होणार. दणकट झालेच, देखणे मात्र झाले नाही. माझे पोट फुगीर आणि पाठीवर कुबड. माझ्या आत बसवला एक रहाट. त्यावर लांबलचक पोलादी दोर आणि दोराच्या टोकाला कापडाची एक लांब नळी. तिला सगळे 'बाही' म्हणत. मी ती बाही मागे ओढत आकाशात फेऱ्या मारायच्या आणि नव्या वैमानिकांनी तिच्यावर नेम धरून गोळ्या झाडायच्या, हे माझे काम. मी कुणाला चुकून दुसरे विमान वाटू नये, म्हणून मला अंगभर पिवळेकाळे पट्टे ओढले होते. इतर विमाने मला 'गांधीलमाशी' म्हणत. नांगी नसलेली गांधीलमाशी, असे हा शेजारी म्हणायचा.

हो, तोही तेव्हा तिथेच होता. नेमबाजी शिकायला आला होता. प्रत्येक विमानाच्या गोळ्या वेगळ्या ओल्या रंगात बुडवलेल्या असत. गोळी बाहीतून आरपार गेली की भोकाभोवती त्या रंगाची कड उमटे. आम्ही उतरलो की बाही शिवणखोलीत जाई. तिथल्या मावशी ती जमिनीवर पसरून भोके मोजत, वहीत लिहीत आणि मग ठिगळे लावत. शेजाऱ्याचा रंग होता निळा. निळी भोके मोजायला मावशींना एका हाताची बोटेही पुरून उरत. लाल आणि हिरवी भोके मात्र चाळणीसारखी. एकदा तर त्याची निळी गोळी बाही सोडून थेट माझ्या शेपटीच्या कापडात घुसली. दोर सोडणारा माणूस माझ्या पोटात बसलेला असे. त्या दिवशी उतरल्यावर त्याने आधी जमिनीला हात लावून नमस्कार केला. मावशी शिडीवर चढल्या, शेपटीचे भोक शिवले आणि म्हणाल्या, "नेम चुकला म्हणून वाचलीस, आणि नेम चुकला म्हणूनच तुला लागलं."

पुढे शेजारी लढाईवर गेला. नाव कमावून आला. मी तिथेच फेऱ्या मारत राहिले.

युद्ध संपले. मला एका मैदानाच्या कडेला उभे केले. दोर काढून नेला, चाकांतली हवा गेली, इंजिनात पाखरांनी घरटी केली. कितीतरी वर्षांनी मला या दालनात आणले. आणताना अंगावर सरसकट हिरवा रंग फासला, कारण लष्करी विमान म्हणजे हिरवे असते, असे कुणाला तरी वाटले. पट्टे गेले. पाटीवर फक्त 'युद्धकालीन विमान' एवढेच लिहिले.

दालनाची देखभाल करणारे काका मला रोज पुसत. मुले माझ्यासमोरून धावत शेजाऱ्याकडे जात. काकांना ते बघवेना. एके दिवशी त्यांनी घरून दोन पोकळ दांड्या आणल्या, त्यांना काळा रंग दिला आणि माझ्या दोन पंखांत एकेक बसवली. दुसऱ्या दिवशी पहिला मुलगा थांबला. म्हणाला, "याला पण मशीनगन आहेत." मित्रांनो, खोटे आहे हे मला ठाऊक होते. पण मी त्या दिवशी छाती काढून उभी राहिले.

मग ती पेटी आली. मॉडेल बनवणाऱ्या एका कंपनीने दालनात चिठ्ठ्यांची पेटी ठेवली. दालनातल्या कोणत्या विमानाचे नवे, मोठे मॉडेल निघावे, ते लिहून टाकायचे होते. मोठे म्हणजे खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढे. त्यात आतली खुर्ची, पट्टे, घड्याळे, सगळे दिसते. महिनाभर माझ्यासमोर वाद झाले. एक निवृत्त मास्तर पाण्यावर उतरणाऱ्या विमानासाठी हटून बसले. दोन बहिणी दुपंखी विमानावरून भांडून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडल्या. शेवटी चिठ्ठ्या उघडल्या. पहिला शेजारी, दुसरी मी.

कंपनीतून साच्यांचे नकाशे काढणारी बाई आली. चाळिशीची, केस आवळून बांधलेले, खिशात मोजमापाची हत्यारे. ती मालकांशी फोनवर म्हणाली, "त्याची अकरा निघालीत, बारावं कोण घेणार? हे दुसरं कुणीच केलेलं नाही. दोन मशीनगन आहेत, मालही खपेल." हे शेजाऱ्याच्या देखत! तीन दिवस ती माझ्या अंगावर पट्टी लावत होती. पत्र्याच्या खिळ्यांच्या ओळीसुद्धा मोजल्या. पंखांतल्या त्या दांड्यांची जाडी तर केसभरही चूक नको म्हणून तीनदा तपासून वहीत लिहिली. काका तेव्हा उगाचच दुसऱ्या टोकाची खिडकी पुसत होते. आणि मी? मी शेजाऱ्याकडे एकदाही पाहिले नाही. पाहण्याची गरजच वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक म्हाताऱ्या आजी सुनेबरोबर आल्या. त्या थेट माझ्या शेपटीकडे गेल्या आणि लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीखालून आत शिरल्या.

"आई, बाहेर या आधी. हात लावू नये, असं लिहिलंय," सून म्हणाली.

"ते आत्ता लिहिलंय. मी त्याच्या आधीची आहे."

आजींनी शेपटीवरून बोटे फिरवली. हिरव्या रंगाखाली टाक्यांची एक ओळ उठून आली होती. त्या हसल्या. त्या माझ्या शिवणखोलीतल्या मावशी होत्या.

नकाशेवाल्या बाईला कोण आनंद झाला! तिने खुर्ची आणली, आजींना बसवले आणि कुठे, काय काम केले ते सगळे विचारले. मग पेन्सिल सरसावून म्हणाली, "आजी, या मशीनगन कोणत्या साली बसवल्या, आठवतं का? सालाप्रमाणे नळी बदलते, म्हणून विचारते."

काका पुढे झाले. म्हणाले, आजींचं वय झालंय, कशाला त्रास द्यायचा.

एवढा वेळ आजींना दटावणारी सून एकदम उसळली. "वय झालंय, पण आठवण पक्की आहे. मी दहा वर्षांपूर्वी काय टाकून बोलले, ते तारखेसकट सांगतात."

आजींनी माझ्या पंखांकडे पाहिले, मग बाईच्या वहीकडे, मग काकांच्या चेहऱ्याकडे. त्यांना सगळे कळले असावे. मी मनातल्या मनात हात जोडत होते. मावशी, बोलू नका. आयुष्यभर त्याचेच खोके पाहिले आहे. एकदा माझे निघू द्या. खोटे तर खोटे.

"याला मशीनगन नव्हतीच," आजी म्हणाल्या. "एकसुद्धा नाही. दुसऱ्यांच्या गोळ्यांपुढे उडायचं, एवढंच याचं काम."

बाईने पंखातल्या नळीवर पेन्सिल आपटली. आतून पोकळ, पातळ आवाज आला. काकांनी मान खाली घातली. "पडद्याच्या दांड्या आहेत, बाई. घरच्या. मी रोज पुसायचो आणि कुणी बघायचं नाही याच्याकडे. जिवाला लागायचं."

बाई रागावली नाही. वहीची पाने मात्र तिने बराच वेळ उलटली. मग म्हणाली, "आता मालकांना काय सांगू? बिनबंदुकीचं विमान ते काढणार नाहीत."

ती बाहेर फोन करायला गेली. मी आजींवर इतकी चिडले होते की काय सांगू! माझे इंजिन चालू असते तर मी गुरगुरले असते. आजी उठल्या आणि पुन्हा माझ्या शेपटीशी आल्या. हळूच म्हणाल्या, "फुरंगटू नकोस. सगळ्यांत धीट म्हणून मिरवणारी पोरं होती ना, त्यांना तुझ्यावर गोळ्या झाडायला भीती वाटायची नाही. पण तुझ्या पोटात बसायची पाळी आली की पोट दुखायला लागायचं त्यांचं. तुझ्या शेजाऱ्याचा वैमानिक तर दोनदा आजारी पडला."

हे मला माहीत नव्हते, मित्रांनो. मी तर पुढे बघून उडत असे.

मालकांनी शेजाऱ्यालाच निवडले. त्याचे बारावे मॉडेल निघाले, फूटभर लांब. आता ते काचेच्या कपाटात आहे. मी त्यात खोट शोधून पाहिली, सापडली नाही. बाईने काम चोख केले आहे. जाण्याआधी तिने माझे जुने पट्टे परत रंगवावेत, असे संग्रहालयाला पत्र लिहिले, आजींनी पट्ट्यांची रुंदी बोटांनी दाखवली, आणि मी पुन्हा पिवळीकाळी झाले. दांड्या काकांनी घरी नेल्या. आता माझ्यासमोर मुले कमी थांबतात. जी थांबतात ती मात्र काकांना विचारतात, हे असे का रंगवले आहे? काका मग स्टूल ओढून बसतात.

तेव्हा मित्रांनो, एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तूला नटवण्याआधी, तिच्याबरोबर काम केलेले कुणी हयात असेल, तर त्यांना जाऊन विचारा. ती माणसे फार दिवस थांबत नाहीत. आणि पुन्हा कधी अशी चिठ्ठ्यांची पेटी तुमच्यासमोर आली, तर माझे नाव जरूर लिहा. नावापुढे 'बिनबंदुकीचे' असेही लिहा. मग एकच चिठ्ठी निघाली तरी चालेल. दोन निघाल्या, तर मात्र शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा मोठ्याने वाचा.